कोऱ्या चेहऱ्याची नोकरी

"मॅडम, पुन्हा मान हलली तुमची."

डॉक्टर प्रणितानं संगणकावरचं चित्रण थांबवलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. पडद्यावर एक मुलगी घाम पुसत भाषण करत होती. तिच्यासमोरच्या टेबलामागे पांढरा कोट घातलेल्या मनकर्णाबाई सोनकांबळे बसल्या होत्या. मुलगी एका वाक्यात अडकली आणि बाईंची हनुवटी किंचित खाली जाऊन वर आली. प्रणितानं मागे नेऊन पुन्हा दाखवलं, तेव्हाही ती तशीच खाली जाऊन वर आली.

"बिचारी अडकली होती हो," बाई म्हणाल्या. "माझ्या नकळत झालं."

"ते मालूम है मला. पण तुम्ही मान हलवली की तिला वाटतं, चला, माझं ठीक चाललंय. मग जे वर जायला पाहिजे ते वर जातच नै. तो सँपल फेकायचा. म्हणजे तिला त्रास दिला तो पण फुकटच ना?"

बाईंना हे पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लागलं. एखाद्याला छळायचं आणि वर ते वाया घालवायचं, हे त्यांच्या शिक्षकी स्वभावात बसणारं नव्हतं.

खरं तर मनकर्णाबाईंनी जन्मभर मान हलवण्याचंच काम केलं होतं. जांबागेजवळच्या एका मराठी शाळेत त्या तिसरी-चौथीला गणित शिकवायच्या. हैदराबादेत मराठी शाळा चालवायची म्हणजे दर जूनला किती पोरं उरली ते मोजत बसायचं. हेडमास्तर केशवरावांनी शिक्षकांना बजावून ठेवलं होतं, पोरगं रडत घरी गेलं की त्याचा बाप दुसऱ्या दिवशी इंग्रजी शाळेच्या दारात उभा राहतो, तेव्हा फळ्यापाशी जो येईल त्याला शाब्बास म्हणायचं, गणित चुकलं तरी म्हणायचं. बाकीच्या शिक्षकांच्या हे जिवावर यायचं. मनकर्णाबाईंना ते सांगावंच लागलं नाही. पाठीवर हात ठेवून "तू पुढं जाणार बघ" म्हणायचं हे त्यांच्या हाताला आणि जिभेला लागलेलं वळण होतं. एवढं करूनही पोरं गळायची ती गळालीच. शाळेला कुलूप लागलं आणि बाकं नारायणगुड्याच्या एका मंगल कार्यालयानं उचलली.

मग ही नोकरी मिळाली. सिकंदराबादच्या एका संशोधन संस्थेला पॅनेलवर बसायला वयस्क, करारी दिसणारी बाई हवी होती. बाई करारी अजिबात नव्हत्या, पण जाड भिंगाचा चष्मा आणि पिकलेले केस यांमुळे तशा दिसायच्या, आणि संस्थेला दिसण्यापुरतंच हवं होतं.

काम ऐकायला सोपं होतं. सब्जेक्ट म्हणून आलेला माणूस खोलीत यायचा, समोरच्या कॅमेऱ्याकडे आणि दोघांच्या पॅनेलकडे तोंड करून उभा राहायचा. नोकरीच्या मुलाखतीला आलोय असं समजून त्यानं स्वतःबद्दल बोलायचं. मग मोठ्या आकड्यातून तेरा-तेरा वजा करत खाली यायचं. पॅनेलवरची माणसं हावभाव वाचण्यात तज्ज्ञ आहेत, असं त्याला आधी सांगितलेलं असायचं. ते खोटं होतं. पॅनेलनं फक्त चेहरा कोरा ठेवायचा. हसायचं नाही, मान हलवायची नाही, "हं" म्हणायचं नाही. आधी आणि नंतर नर्स राणी त्या माणसाच्या तोंडात कापसाची वळी ठेवायची आणि ओली झाली की नळीत बंद करायची. भीतीनं तोंड सुकलेलं असलं तर ती कोरडीच निघायची आणि पुन्हा ठेवावी लागायची.

"आमच्यात दोन पार्ट्या आहेत मॅडम," प्रणितानं पहिल्या दिवशी समजावलं होतं. ती मराठीच होती, पण तिचं मराठी बोलण्यापुरतं. वाचायला दिलं की अक्षरं लावत बसायची. "एक पार्टी म्हणते, ताण म्हणजे शरीराचा मामला. डोक्यातून निरोप सुटतो, तो मूत्रपिंडावर बसलेल्या ग्रंथीपर्यंत जातो, तिथून एक रसायन रक्तात उतरतं. ते थुंकीत सापडतं, म्हणून हा कापूस. दुसरी पार्टी म्हणते, तसं नै. माणूस आधी मनात हिशेब करतो. समोर काय आलंय, आणि आपल्यापाशी काय आहे. आपल्यापाशी आहे ते कमी पडतंय असं वाटलं, की मग ताण."

"आणि तुम्ही कोणत्या पार्टीच्या?"

"मी दोघांना एका टेबलावर बसवायलेय," प्रणिता हसली. "पण एक दोघांना पण कबूल आहे. बर्फाच्या पाण्यात हात घालायला लावलं तर माणसाला जेवढं होतं, त्याच्यापेक्षा जास्ती कशानं होतं सांगू? समोरचा आपल्याला तोलायलाय आणि त्याच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना, यानं."

बाई घरी येऊन आरशासमोर चेहरा कोरा ठेवायचा सराव करू लागल्या. रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान निवृत्तीराव पेपरावरून बघत म्हणायचे, "तुला त्यासाठी पगार द्यायलेत? मला आधी सांगितलं असतं तर मी अर्ज केला असता. मला तर येतंच ते." बाई हसायच्या आणि सराव मोडायचा.

मान हलल्याचं चित्रण प्रणितानं दाखवलं तो बुधवार होता. त्याच दुपारी जेवणानंतर पॅनेलच्या खोलीचं दार उघडलं आणि एक पस्तिशीचा माणूस आत आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळावरचे केस मागे हटलेले, छातीवर नावाऐवजी नंबर. बाईंच्या शेजारी विक्रम नावाचा मानसशास्त्र शिकलेला तरुण बसला होता. त्यानं ठरलेल्या कोरड्या आवाजात सूचना वाचायला सुरुवात केली. तो माणूस ऐकता ऐकता बुटाचं टोक दुसऱ्या पायाच्या पोटरीला घासू लागला.

बाईंनी ते पाहिलं. चौथीतली पोरं फळ्यापाशी उत्तर आठवताना असंच करायची. त्यांनी चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांना नाव आठवलं. बुद्धभूषण.

त्यानं तर त्यांना दारातच ओळखलं होतं. तो त्यांच्याकडे बघून मोकळेपणानं हसला आणि हळूच म्हणाला, "बाई."

ओळखीचा माणूस आला तर पॅनेलनं हात वर करायचा आणि उठून जायचं, असा नियम होता. बाईंचा हात टेबलाखाली मांडीवर होता. तो वर करावा, एवढंच काम. पण त्याच्या हसण्याला उत्तर म्हणून आपण उठून निघून गेलो तर त्याला काय वाटेल, असं त्यांच्या मनात आलं. सकाळची बोलणी आठवली. त्याचा पहिला कापूस घेऊन झालेला असणार, तोही फुकट जाणार. हे सगळं मनात चाललं होतं तेवढ्यात विक्रम म्हणाला, "सुरू करा," आणि वेळ निघून गेली. बाईंनी चेहरा कोरा केला.

बुद्धभूषणचं हसू थोडा वेळ तसंच राहिलं. उत्तर येत नाही म्हटल्यावर ते त्याचं त्यालाच आवरावं लागलं.

त्यानं इंग्रजीत सुरुवात केली. माधापूरच्या एका कंपनीत हिशेब तपासायचं काम करत होतो, दहा वर्षं केलं, आता ते काम संगणकच करतो, तेव्हापासून घरी आहे. मी कष्टाळू आहे. मी वेळेवर येतो. मग त्याचं संपलं. त्यानं विक्रमकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. खोलीत वातानुकूलन यंत्राचा आवाज येत होता.

"अजून वेळ आहे. बोला," विक्रम म्हणाला.

"मला... हिंदीत बोललं तर चालेल?"

विक्रम काहीच बोलला नाही, कारण तसंच ठरलेलं होतं. बुद्धभूषणनं ओठांवरून जीभ फिरवली. मग हिंदी नाही, इंग्रजी नाही, तो सरळ मराठीतच बोलू लागला, आणि फक्त बाईंकडे बघून.

"मी चौथीत असताना आमच्या बाई मला म्हणायच्या, तू पुढं जाणार बघ. मी लई हुशार नव्हतो. पण बाईंनी म्हटलंय म्हणून मी ते धरून राहिलो. इंटरला नापास झालो तवाबी तेच धरलं. नोकरी लागली तवा वाटलं, बाई बरोबर होत्या. आता घरी बसायलोय. बायको, गीता, दवाखान्यात रिसेप्शनला जाते. मी पोरीला शाळेत सोडतो अन् घरी येऊन बसतो. तरीबी रोज मनात म्हणतो, अरे, बाईंनी काही उगाच म्हटलं नसेल."

तो थांबला. त्याला बाईंच्या तोंडून काही नको होतं, एक मान हलली असती तरी पुरलं असतं. मनकर्णाबाईंच्या मानेत कळ आली. आजवर त्यांनी हजार वेळा फुकट वाटलेली ती हालचाल त्यांनी दातांवर दात दाबून धरून ठेवली. काचेपलीकडे प्रणिता होती, वर कॅमेरा होता. बुद्धभूषणनं खूप वेळ वाट पाहिली. मग त्यानं नजर खाली घातली.

वजाबाकी सांगायचं काम बाईंचं होतं. एक हजार बावीस, त्यातून तेरा-तेरा. तो इंग्रजीत आकडे सांगायचा, पण ओठ आधी मराठीत हलायचे, हे फक्त बाईंना कळत होतं. एक हजार नऊ. नऊशे शहाण्णव. नऊशे त्र्याऐंशी. नऊशे सत्तर. नऊशे सत्तावन्न. मग तो अडखळला आणि नऊशे सेहेचाळीस म्हणाला.

"चूक," बाई म्हणाल्या. "एक हजार बावीसपासून पुन्हा."

आयुष्यात त्यांनी एखाद्या मुलाला या आवाजात चूक म्हटलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला तो लवकर चुकला, तिसऱ्या खेपेला त्याहून लवकर. शेवटी विक्रमनं थांबा म्हटलं, तेव्हा तो दोघांनाही "थँक्यू सर, थँक्यू मॅडम" म्हणून बाहेर गेला. बाई म्हणाला नाही, मॅडम म्हणाला.

मनकर्णाबाई कोट न काढताच प्रणिताकडे गेल्या.

"तो माझा विद्यार्थी आहे. मला त्याच्याशी बोलायचंय."

प्रणितानं कपाळाला हात लावला. "मॅडम, हात वर करायचा ना मग? आता काय करायचं? त्याचे आणखी कापूस घ्यायचे बाकी आहेत. तुम्ही आत्ता आत गेलात तर त्याचं खाली येईल."

"येऊ दे की मग खाली."

"असं नै होत मॅडम. आपोआप खाली यायला किती वेळ लागतो, तेच तर बघायचंय आम्हाला." तिनं आवाज मऊ केला. ती वाईट मुलगी नव्हती. "तुम्ही परेशान होऊ नका. नंतर मी त्याला सगळं सांगते ना. पॅनेलचे चेहरे ठरवून तसे होते, ते तज्ज्ञ नव्हते, त्याच्यात काही कमी नव्हतं. सगळे हसतात ऐकून. त्यानंतर एक शेवटचा कापूस, मग तुम्ही पाहिजे तेवढं बोला."

बाई व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या. समोरच्या बंद दाराआड बुद्धभूषण एकटा बसला होता, हातात एखादं जुनं मासिक दिलेलं असणार, आणि त्याच्या आत जे वर गेलं होतं ते उतरायची सगळे वाट बघत होते. बाईंना आत जाता येत नव्हतं. त्या मनात वाक्यं जुळवत होत्या. असं झालं, तसं झालं, तू मनाला लावून घेऊ नकोस. प्रत्येक वाक्य त्यांना स्वतःलाच खोटं वाटत होतं आणि त्या नवीन जुळवत होत्या.

बऱ्याच वेळानं प्रणिता आत गेली. थोड्याच वेळात दोघांच्या हसण्याचा आवाज आला. बाईंना एकदम हलकं वाटलं. दार उघडून बुद्धभूषण बाहेर आला आणि बाईंना पाहून त्यानं वाकून पायाला हात लावला.

"जय भीम बाई."

"जय भीम रे बाळा." बाईंनी त्याचा दंड धरला. "सांगितलं ना डॉक्टरांनी? ते सगळं नाटक होतं. माझी नोकरीच आहे ती. मला आतून काय होत होतं ते माझं मला माहीत."

"सांगितलं की. मी तर घाबरलोच होतो." तो हसला. "तुम्ही लई भारी करता बाई. मला खरंच वाटलं."

"तू छान बोललास. खरंच छान बोललास."

"हौ बाई."

त्यानं हो म्हटलं, पण बाईंकडे बघून नाही, त्यांच्या कोटाच्या गुंड्यांकडे बघून. बाई त्याचा दंड धरूनच उभ्या राहिल्या.

"बाई, एक विचारू का? राग मानू नका."

"विचार ना."

"आपल्या वर्गातला उमाजी आहे ना, ऑटो चालवतो तो. मागच्या महिन्यात कोठीच्या बाजारात भेटला. चहा प्यायलो. तो हसून बोलला, बाई मला म्हणायच्या, तू पुढं जाणार बघ. बघ, गेलोच की पुढं, मीटर पाडून. मी बी हसलो. तवा काही वाटलं नाही." त्यानं बुटाचं टोक पोटरीला घासलं. "आत्ता आत बसल्या बसल्या मनात आलं. ही जर नोकरी असंल, तर ती बी नोकरीच होती ना बाई?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बाईंना रागावता आलं असतं, रडता आलं असतं. तो नुसता विचारत होता, फळ्यावरचं न कळलेलं गणित विचारावं तसा. आणि बाईंना उत्तर ठाऊक होतं. केशवरावांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी सगळ्यांना म्हटलं होतं. ते मनापासून म्हटलं होतं हेही खरं, पण सगळ्यांना मनापासून म्हटलेलं एकट्याच्या काय कामाचं?

"तसं नाही रे," त्या म्हणाल्या.

"सर, या. लास्ट वाला," राणी हातात नळी घेऊन आली. "इथंच बसा बाकावर. तोंड उघडा. चावायचं नक्को, बोलायचं नक्को. दोन मिनटं नुसतं धरून बसा."

बुद्धभूषण बाकावर बसला. राणीनं कापूस त्याच्या जिभेखाली ठेवला आणि घड्याळ लावून बाजूला उभी राहिली. त्यानं तोंड मिटलं आणि बाईंकडे पाहिलं. आता तो बोलू शकत नव्हता, हसूही शकत नव्हता. तो फक्त ऐकणार होता.

बाई त्याच्या समोर उभ्या होत्या. त्यांना वाटलं, बरं झालं, आता आपण नीट सांगू. फक्त त्याचंच असं काहीतरी सांगू, उमाजीचं नाही, बाकी कुणाचं नाही.

"तुझं अक्षर," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. त्याचं अक्षर त्यांना आठवत नव्हतं. "तुझी आई दुपारी डबा घेऊन यायची. हिरव्या काठाची साडी असायची." त्याच्या डोळ्यांत काही हललं नाही, आणि बाईंना शंका आली की ती दुसऱ्याच कुणाची आई असावी. "तू तिसऱ्या बाकावर बसायचास ना?"

तो बघत होता. त्यानं मान हलवली नाही. कापूस सांडू नये म्हणून त्यानं मान ताठ धरली होती, की आणखी कशामुळे, ते कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी वर्ग डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. फळा आला, खिडकी आली, ओळीनं बसलेली पोरं आली. पाठीवर ठेवलेला आपला हात आला. पण हाताखालची पाठ कुणाची, ते दिसेना. इतक्या वर्षांत त्या हातानं एकेका पाठीचा हिशेब ठेवलाच नव्हता.

"हे बघ, आत्ताचंच सांगते," त्या घाईनं म्हणाल्या. "तू पहिल्या खेपेला नऊशे सत्तावन्नपर्यंत बरोबर आलास. इथं येणारे किती तरी लोक दुसऱ्या-तिसऱ्यालाच चुकतात. मी रोज बघते ना. तू खरंच पुढं..."

तो शब्द तोंडातून निघाला आणि त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. तोच आवाज, तोच चढ, शाळेतला. ते खरं होतं, अगदी आजचं, त्याच्या एकट्याचं खरं होतं, आणि तरी ते तसंच वाजलं. त्यांनी वाक्य सोडून दिलं. वेळ अजून उरला होता. राणी घड्याळाकडे बघत होती. बाईंची जीभ टाळूला चिकटली होती.

"झालं सर," राणी म्हणाली. तिनं चिमट्यानं कापूस काढला, उजेडाकडे धरला आणि तोंड वाकडं केलं. "हे तो पूरा सुका आहे. यात काहीच निघणार नै. सर, एक बार फिर से."

"हौ सिस्टर," बुद्धभूषण म्हणाला आणि त्यानं मुकाट्यानं पुन्हा तोंड उघडलं.

तेवढ्यात विक्रम दारातून डोकावला. "मॅडम, पुढचा सब्जेक्ट आला. चला."

बुद्धभूषणला ते ऐकू गेलं. तोंडात कापूस होता म्हणून त्यानं बसल्या जागेवरूनच बाईंना हात जोडले. बाईंच्या तोंडात काहीच नव्हतं, तरी त्यांनीही नुसते हात जोडले. मग कोटाची वरची गुंडी लावली आणि त्या आत गेल्या.